हरलेल्या बापांचाही वारसा असतो, तोही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फादर्स डेची तुमची स्पेशल पुरवणी मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. कारखानदार वडील आणि त्यांचा धंदा परदेशात नेणारी मुलगी, डॉक्टरांचा डॉक्टर मुलगा, गायकाचा गायक मुलगा, सगळी माणसं मेहनती आहेत आणि त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट त्यातली एक मुलाखत मी माझ्या मुलाला मुद्दाम वाचायला दिली. पण एवढ्या सगळ्या पानांत हरलेला बाप एकही नव्हता. वारसा म्हटलं की दुकान, हॉस्पिटल, कंपनी, नाव, एवढंच धरायचं का? या मुंबईत लाखभर घरं अशी आहेत जिथला बाप आयुष्यातली सगळ्यात मोठी लढाई, १९८२ चा गिरणी संप, लढला आणि हरला, त्या घरातली आमच्या वयाची पोरं आज पन्नाशीच्या आसपास आहेत, आणि तुम्हाला बापाकडून काय मिळालं हे त्यांना कधी कुणी विचारलेलं नाही. म्हणून हे पत्र. लांबलंय, जागा नसेल तर कापा, पण संपाबद्दलचं कापू नका.

मी लालबागचा, आता बदलापूरला राहतो. आमचे आबा कापड गिरणीत सांचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. मूळ गाव पाटण तालुक्यात, जमीन असून नसल्यासारखी, म्हणून मुंबई. आधी बरीच वर्षं बदली कामगार, म्हणजे रोज सकाळी गेटवर पास घेऊन उभं राहायचं, कायम कामगाराने खाडा केला तर त्याच्या जागी काम मिळणार, नाहीतर घरी परत. मग कायम झाले. पहिली पाळी सात ते साडेतीन. सांचेखात्यात आवाज इतका की शेजारचा माणूस कानाशी ओरडला तरी ऐकू येत नाही, त्यामुळे तिथली माणसं हातांनी आणि ओठांनी बोलायची. आबांना ती सवय इतकी लागली होती की घरीपण जेवताना पाणी हवं असेल तर अंगठा ओठाला लावून दाखवायचे, मीठ हवं तर चिमूट, आणि आम्ही भावंडं ते बघून बघून शिकलो. आजही गर्दीच्या लोकलमध्ये मी आणि माझा भाऊ दोन डब्यांतल्या जाळीतून हातांनी बोलतो. पुढेपुढे त्यांना ऐकू कमी यायला लागलं, कापसाच्या धुळीने दमाही लागला, पण ती सगळी पुढची गोष्ट.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. नव्या पिढीला माहीत नसतं म्हणून थोडक्यात सांगतो. साठच्या आसपास गिरण्या आणि अडीच लाख कामगार. पगारवाढ पाहिजे होती, बदलीवाल्यांना कायम करायचं होतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे १९४६ चा तो बीआयआर (बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स) कायदा रद्द करायचा होता, ज्यामुळे कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क फक्त एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता, मग कामगारांचा तिच्यावर विश्वास असो नसो. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून आग पेटली, स्टँडर्ड मिलचे कामगार घाटकोपरला कामगार नेते डॉक्टर दत्ता सामंतांच्या घरी गेले आणि तुम्हीच आमचं नेतृत्व करा म्हणून बसले. सामंतांनी कामगारांना फशी पाडलं असं आजही लोक बोलतात, पण कामगार स्वतःहून त्यांच्याकडे गेले होते ही गोष्ट लक्षात ठेवा, आबा हे नेहमी सांगायचे, बाकी संपाबद्दल काही बोलायचे नाहीत पण हे सांगायचे.

तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. सुरुवातीला गावाकडून धान्य यायचं, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ज्याचं त्याचं गाव, बरीच माणसं गावालाच जाऊन बसली. वर्ष उलटलं आणि मग हळूहळू जो तो आपापलं बघायला लागला. काही परत कामावर गेले, लाखावर माणसांना परत घेतलंच नाही. मागणी एकही मान्य झाली नाही. आबांना घेतलं नाही. त्यानंतर ते काही वर्षं भायखळ्याहून भाजी आणून नाक्यावर विकायचे, मग एका सोसायटीत वॉचमन झाले आणि शेवटपर्यंत वॉचमनच राहिले. आई खानावळ चालवायची, लालबाग-परळच्या या गिरणगावात तिच्यासारख्या हजारो बायकांनी घरं जगवली, त्यावर खरंतर वेगळी पुरवणी निघेल.

आता मुद्द्याचं बोलतो. या माणसांचं नेमकं काय चुकलं? मालकांनी वर्षानुवर्षं जुन्या मशिनरीवर काम काढलं, नवीन पैसा घातला नाही, कापड भिवंडीच्या पॉवरलूमवर काढून घ्यायला सुरुवात आधीच झाली होती आणि संपात तो धंदा जोरात वाढला, त्यात गिरणीखालच्या जमिनीचा भाव गिरणीपेक्षा जास्त झाला. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर बांधकाम कसं करायचं याची १९९१ ची ५८ नंबरची नियमावली आली, २००१ मध्ये ती बदलली, आणि जिथे आबा सांचे चालवायचे तिथे टॉवर उभे राहिले. म्हणजे संप झाला नसता तरी गिरण्या फार टिकल्या नसत्या असं माझं मत आहे, दहा वर्षं पुढेमागे एवढंच. पण आमच्या चाळीत हे कुणी बोलत नव्हतं. चाळीत एकच वाक्य होतं, संपाने वाटोळं केलं. बायका बोलायच्या, नातेवाईक बोलायचे, गावचे लोक बोलायचे आणि हळूहळू आमचे बाप पण तेच बोलायला लागले. कारखाना बंद पडला तर मालकाला कुणी नापास झाला म्हणत नाही, तो दुसरा धंदा काढतो. इथे मात्र अडीच लाख माणसांचा पराभव ज्याने त्याने आपापल्या घरी नेला आणि आपलीच चूक म्हणून मरेपर्यंत सांभाळला. मला याचा आजही राग येतो.

आबा पहाटे पाचला उठायचे, गिरणी सुटल्यावर पण. अंघोळ करून कपडे घालून खाटेवर बसायचे, वॉचमनची ड्युटी रात्रीची असली आणि जेमतेम तासभर झोप झालेली असली तरी. आम्ही शाळेत होतो, आम्हाला वाटायचं आबांना झोप येत नाही. आई काही बोलायची नाही, चहा पुढे करायची.

आणि आता सांगतो आम्हाला वारशात काय मिळालं ते. पहिली गोष्ट, भीती. "युनियनच्या भानगडीत पडायचं नाय" हे वाक्य गिरणगावातल्या प्रत्येक पोराने ऐकलंय, कामाला लागायच्या दिवशी तर हमखास, देवाला नमस्कार कर, आईच्या पाया पड आणि युनियनच्या भानगडीत पडू नको. बाप खोटं बोलत नव्हते, त्यांनी भोगलं होतं. पण एका अख्ख्या पिढीने ते वाक्य गाठीला बांधलं त्याचं काय झालं बघा. आमच्या वयाची पोरं कॉन्ट्रॅक्टवर लागली, सिक्युरिटी, हाउसकीपिंग, कुरिअर, गोडाऊन, अकरा महिन्यांचं लेटर, मध्ये एक ब्रेक आणि परत नवीन लेटर. मी ज्या कंपनीत होतो तिथे एका दिवसात तीस-चाळीस माणसं काढली, नोटीस नाही काही नाही, आणि आम्ही उरलेले सगळे मान खाली घालून काम करत राहिलो, त्यातले निम्मे तरी गिरणी कामगारांची पोरं होती. माझा पुतण्या आता बाईकवर जेवण पोचवतो. मध्ये त्यांचा एका ऑर्डरमागचा रेट कमी केला तेव्हा पोरांनी दोन दिवस ॲप बंद ठेवायचं ठरवलं, हा गेला नाही. मी विचारलं तर म्हणाला, काका, आजोबांचं काय झालं माहितीय ना. त्याने आजोबांना नीट पाहिलं पण नव्हतं हो, आबा गेले तेव्हा तो पाळण्यात होता. घर नाही, जमीन नाही, पैसा नाही, पण हे एक वाक्य मात्र तिसऱ्या पिढीपर्यंत बरोबर पोचलं.

दुसरी गोष्ट, फॉर्म. गिरणी कामगारांसाठी म्हाडाची जी घरं आहेत त्यात सरकारी भाषाच अशी आहे, "गिरणी कामगार व त्यांचे वारस". १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जो कामावर होता तो पात्र, तो नसेल तर त्याचा वारस. पुरावा म्हणून तिकीट नंबर, लाल पास, सर्व्हिस सर्टिफिकेट, ईएसआयसीचा म्हणजे कामगार विम्याचा नंबर, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, पगाराची पावती, यातलं जे असेल ते. आता ज्या माणसाने संपात भांडी विकली त्याने पगाराच्या पावत्या कुठे जपून ठेवल्या असतील सांगा. आमच्याकडे आबांचा पास मिळाला, पत्र्याच्या पेटीत, आईच्या लग्नाच्या शालूच्या घडीत, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला. फोटोत आबा पंचवीसचे असतील, केस तेल लावून मागे वळवलेले, कॉलरचं बटण लावलेलं. माझ्या मुलाने तो फोटो बघितला आणि विचारलं, हे कुठले ऑफिसर?

लॉटऱ्या निघाल्या, २०१२ ला ६,९२५ घरांची, २०१६ ला २,६३४, २०२० ला ३,८९४. आणि अर्ज पावणेदोन लाखाच्या आसपास. हिशोब कुणीही करावा. आता शेलू आणि वांगणीच्या घरांचं बोलतात, म्हणजे ज्या जमिनीवर बाप राबला तिथून पन्नास किलोमीटरहून जास्त लांब. गिरणगावात या फॉर्मवरून भाऊ भावाशी बोलत नाही अशी घरं मला माहीत आहेत, बहिणीने सही दिली नाही म्हणून अडलेली आहेत, आणि वाट बघता बघता कामगार गेला, मग त्याची बायको गेली, आता मुलगा साठीला आला अशी तर कितीतरी. तुम्ही म्हणाल हा घरांचा विषय वेगळा आहे, तर नाही, बापाच्या वारशाचाच विषय आहे हा. फक्त यात वारसा मिळवायला चाळीस वर्षं रांगेत उभं राहावं लागतं.

पण मला फक्त रडगाणं लिहायचं नाही. हरलेल्या किंवा कधी जिंकायची संधीच न मिळालेल्या बापाने काय दिलेलं असतं याचं आपल्या गिरणगावातलंच उदाहरण द्यायचं तर गंगाराम सुर्वे. गिरणीतला साधा कामगार. १९२६ साली या माणसाला रस्त्यावर टाकून दिलेलं एक तान्हं मूल सापडलं, त्याने ते घरी नेलं, बायको काशीबाई पण गिरणीतच कामाला होती, दोघांनी ते वाढवलं, स्वतःचं नाव आडनाव दिलं, शाळेत घातलं. पुढे नोकरी संपल्यावर ते कोकणात गावी निघाले तेव्हा त्या पोराच्या हातात दहा रुपये ठेवून गेले, कारण त्याहून जास्त नव्हतेच. ते मूल म्हणजे कवी नारायण सुर्वे. त्यांनी पडेल ती कामं केली, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक झाले, १९९५ ला परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, १९९८ ला पद्मश्री. मी नेहमी विचार करतो की गंगाराम सुर्व्यांची मुलाखत तुमच्या पुरवणीत आली असती का? त्या दिवशी त्यांच्याकडे दाखवण्यासारखं काय होतं? गिरणीतली नोकरी, चाळीतली खोली आणि दुसऱ्याचं पोर. दहा रुपये देऊन निघून गेलेला बाप म्हणून उलट लोकांनी नावंच ठेवली असती. आणि मराठी कविता ज्या आडनावाला ओळखते ते आडनाव त्या माणसाचं आहे.

तसेच क्रिकेटर एकनाथ सोलकरांचे वडील. हिंदू जिमखान्याचे ग्राउंड्समन, तिथेच मैदानाच्या कडेला खोपटात सगळं कुटुंब राहायचं. पीच झाडणाऱ्या, रोलर ओढणाऱ्या माणसाचा मुलगा, २७ टेस्टमध्ये ५३ कॅच, आणि १९७१ ला ओव्हलवर इंग्लंडच्या ॲलन नॉटचा जो कॅच त्याने आडवा होऊन घेतला त्याचा फोटो आजही जुन्या क्रिकेटवेड्यांच्या घरात सापडतो. फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे बॅट्समनच्या अगदी जवळ, हेल्मेट न घालता उभं राहायची ती छाती कुठून आली हे मी सांगू शकत नाही, पण मैदानाची जवळीक त्याला वडिलांच्या नोकरीने दिली एवढं नक्की.

उलट यशस्वी बापाच्या मुलाचं आपण काय करतो तेही बघा. सुनील गावसकरांचा मुलगा रोहन. अकरा वनडे खेळला, बंगालचा कॅप्टन होता, फर्स्ट क्लासमध्ये साडेसहा हजारांच्या वर रन. दुसऱ्या कुठल्या घरात हा मुलगा असता तर गल्लीने बॅनर लावला असता. पण आपण लोक त्याच्या प्रत्येक इनिंगच्या शेजारी वडिलांचे १०,१२२ रन मांडून बसलो. ऑस्ट्रेलियात तर महान बॅट्समन ब्रॅडमनच्या मुलाने १९७२ साली कंटाळून आडनावच बदलून घेतलं होतं, ब्रॅडमनचं ब्रॅडसेन केलं, आणि परत मूळ आडनाव लावायला त्याला जवळजवळ तीस वर्षं लागली. म्हणजे यश असो की अपयश, आपण समाज म्हणून बापाचं बिल पोराच्या नावावर फाडतो. गावसकरांच्या मुलाला वाटून घ्यायला निदान मोठं नाव तरी आहे. आमच्या पोरांना आजोबांचं नावच माहीत नाही, फक्त संपाने वाटोळं केलं एवढं माहीत आहे.

तिसरी गोष्ट जी मिळाली ती मी मुद्दाम शेवटी ठेवली. आबा वॉचमन असताना त्या सोसायटीत कामवाल्या बायकांना लिफ्ट वापरायला बंदी घातली होती. आबांनी त्यांच्यासाठी लिफ्ट उघडली. सेक्रेटरीने झापलं, दुसऱ्या दिवशी परत उघडली. नोकरी जायची पाळी आली तेव्हा आई चिडली, एवढं होऊन पण तुमची खोड जात नाही का म्हणाली, आबा म्हणाले, सातव्या मजल्यावर जायचंय त्यांना. बस एवढंच. ज्याने आम्हाला आयुष्यभर भानगडीत पडू नका सांगितलं तो स्वतः मात्र पडत होता. बोलायचे एक आणि करायचे दुसरं. मला वाटतं पोरांनी बापाचं बोलणं उचललं, वागणं उचलायला पाहिजे होतं. आणि ते उचलायचं तर आधी कुणीतरी सांगायला पाहिजे की ही माणसं संपात का उतरली होती, कशासाठी उपाशी राहिली होती, त्यांची मागणी काय होती. घरात ते बोलले नाहीत. शाळेच्या पुस्तकात मला तरी ते कुठे वाचायला मिळालं नाही. मग राहिलं कोण, तर तुम्ही, पेपरवाले.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. संपाच्या वेळी जे पंचवीस-तीस वर्षांचे होते ते आज सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. लालबाग, परळ, शिवडी, करी रोड, आता विरार, नालासोपारा, बदलापूर, कर्जत, आणि गावाकडे तर कितीतरी. वर्षाला त्यातले बरेच कमी होतायत. येत्या १८ जानेवारीला चार पानं त्यांना द्या. पुढारी नकोत, अभ्यासक नकोत, फक्त सांचेवाले, बदलीवाले, जॉबर म्हणजे मुकादम, सूत कांडीवर गुंडाळणाऱ्या कांडीखात्यातल्या बायका, आणि शेजारी त्यांची मुलं. बापाला विचारा तुम्ही संपात का उतरलात, आणि मुलाला विचारा तुला घरात काय सांगितलं गेलं. दोन्ही उत्तरं एकाच पानावर छापा. काही म्हातारे आजही म्हणतील की संप चुकला, ते पण छापा, त्यांचा तो हक्क आहे. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत महापालिका वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करतेय, तिथे मशिनी ठेवतील, भोंगा पण ठेवतील कदाचित. पण भोंगा ऐकून पळणाऱ्या माणसांची नावं कुठल्या भिंतीवर लागणार आहेत का याचाही पाठपुरावा तुमच्या वार्ताहराने करावा.

मी माझ्या परीने मदत करीन. आबांचा पास, ईएसआयसीचं कार्ड आणि संपातल्या काळातलं एक रेशनकार्ड माझ्याकडे आहे, फोटो काढायला देईन. आमच्या जुन्या चाळीतले आबांच्या बरोबरीचे चौघे-पाच जण अजून आहेत, त्यांच्याशी मी बोललोय, पहिल्यांदा नको म्हणाले मग तयार झाले. फक्त तुमचा माणूस सकाळी पाठवा, दुपारनंतर दम्यामुळे त्यांना फार बोलवत नाही, आणि जरा मोठ्याने बोलणारा पाठवा, सांचेखात्यातली माणसं आहेत, ऐकू कमी येतं.

आपला,
एका सांचेवाल्याचा मुलगा
मूळ लालबाग, सध्या बदलापूर